गाडीत मूल आणि हातात व्हेप : इंग्लंडचा कायदा नेमका कुठे थांबतो

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची हकीकत थोडक्यात अशी. त्या लंडनच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहतात. घरात नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला दीर. दर शनिवारी दीर त्यांची मुलगी आणि चौदा वर्षांचा भाचा अशा दोघांना मराठी शाळेत सोडतो. चाळीस मिनिटांचा रस्ता, गाडी ताईंच्या नावावर. वाटेत तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. काच बोटभर खाली. मुलगी घरी येऊन म्हणते, "काकाच्या गाडीत जॅमचा वास येतो." ताईंनी विषय काढला तर उत्तर मिळालं, "वहिनी, ही सिगारेट नाही. इथल्या कायद्यात चालतं, गूगल करून बघा." ताईंनी शोधलं, तर एका पानावर "गुन्हा आहे" आणि दुसऱ्यावर "गुन्हा नाही". नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यातेवढ्यावरून घरात वाद नको. त्यांचे प्रश्न तीन : दीर म्हणतो ते खरं आहे का? गाडी माझी आहे, तर दंड मला होईल का? आणि डिसेंबरमध्ये आम्ही सगळे पुण्याला चाललोय, तिथे काय?

मी इथे सतरा वर्षं सॉलिसिटर म्हणून काम करते आणि त्यातली बरीचशी वर्षं कौटुंबिक न्यायालयात गेली आहेत. त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. ताई, तुम्हाला कायद्याची माहिती नकोय. दिराच्या समोर टाकता येईल असा एक कागद हवाय, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे न येता सरकारकडे जाईल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच हवं असतं आणि त्यात चूक काही नाही. अडचण एवढीच की तो कागद आज दिराच्या बाजूने बोलतो. निदान त्याचं पहिलं पान तरी.

आधी ते पहिलं पान बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून नियम आहे की खासगी गाडीत अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर धूम्रपान करायचं नाही. काच खाली असो, सनरूफ उघडं असो, एसी चालू असो, दार उघडं टाकून पाय बाहेर सोडून बसलेले असा, फरक पडत नाही. छप्पर पूर्ण खाली घेतलेली उघडी गाडी तेवढी सुटते. दंड ५० पौंड, आणि तो ओढणाऱ्यालाही होऊ शकतो आणि त्याला न थांबवणाऱ्या चालकालाही. सतरा वर्षांचा मुलगा एकटाच गाडी चालवत सिगारेट ओढत असेल तर त्याला मात्र हा नियम लागत नाही, कारण ज्याला वाचवायचं ते मूल आणि ओढणारा एकच. ट्रेनींना शिकवताना मी हे उदाहरण मुद्दाम देते, चेहरे बघण्यासारखे होतात.

आता यातला "धूम्रपान" हा शब्द घ्या. त्याची व्याख्या २००६ च्या आरोग्य कायद्यात आहे आणि ती सगळी एका शब्दावर उभी आहे : पेटवलेलं. पेटवलेला तंबाखू, तंबाखू असलेली पेटवलेली कुठलीही वस्तू, किंवा ओढता येईल असा दुसरा कुठलाही पेटवलेला पदार्थ. ओढायचीही गरज नाही, पेटती सिगारेट नुसती बोटांत धरली तरी व्याख्येत बसते. व्हेपमध्ये काहीच पेटत नाही. बॅटरीवर तार तापते, द्रवाची वाफ होते, ती आत घ्यायची. विस्तव नाही, राख नाही, म्हणून व्याख्या नाही. २०१५ चे गाडीचे नियम आले तेव्हा सरकारी मार्गदर्शनातही स्पष्ट लिहिलं होतं की ई-सिगारेटला हे लागू नाही. म्हणजे दीर म्हणतो ते या नियमांपुरतं बरोबर आहे.

असं का ठेवलं, हे समजून घेतलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल. ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे हे नियम लागू व्हायच्या काही आठवडे आधी, इंग्लंडच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने एक अहवाल काढला. त्यातला अंदाज असा की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक आहे. तो आकडा इथे घरोघरी गेला. या देशाच्या आरोग्य खात्याने व्हेपकडे सिगारेट सोडायचं साधन म्हणून पाहिलं आहे. २०२३ मध्ये तर दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात व्हेपचा संच द्यायची योजना सरकारनेच जाहीर केली. एका हाताने जे वाटायचं त्यावर दुसऱ्या हाताने दंड लावायला सरकार कचरतं, दुसरं काही नाही.

पण तो ९५ टक्क्यांचा आकडा कुणासाठी आहे, हे दिराने बघितलंय का? ती तुलना रोज वीस सिगारेट ओढणाऱ्या माणसाची आहे : त्याने सिगारेट टाकून व्हेप घेतला तर त्याचं किती भलं होईल. तुमची मुलगी सिगारेट ओढत नाही. तिच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, साध्या हवेशी आहे. बंद गाडीतल्या वाफेत निकोटीन असतं, सुगंधाची द्रव्यं असतात, बारीक कण असतात. आजूबाजूच्यांना त्याने सिगारेटच्या धुराइतकं नुकसान होतं असं कुणी जबाबदार माणूस म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पण तान्ह्या नि लहान मुलांजवळ व्हेप ओढणं टाळा, असं आरोग्य खातंही सांगतं.

आणखी एक गंमत. त्याच १ ऑक्टोबर २०१५ ला दुसरा एक नियम लागू झाला : अठरा वर्षांखालच्यांना निकोटीनचे व्हेप विकायचे नाहीत, आणि मोठ्या माणसाने त्यांच्यासाठी विकतही घ्यायचे नाहीत. म्हणजे एकाच दिवशी कायद्याने चौदा वर्षांच्या तुमच्या भाच्याला दुकानात व्हेपपासून लांब ठेवलं, आणि शेजारच्या सीटवर काका ओढत असेल तर तिथे मात्र डोळे मिटले. दिराशी बोलताना भाच्याचा विषय जरूर काढा. सहा वर्षांच्या मुलीला जॅमचा वास येतो, चौदा वर्षांचा मुलगा उपकरण कुठलं आहे ते बघत असतो.

गूगलवर दोन उत्तरं का मिळाली, तेही सांगते, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. पहिलं कारण, तुम्ही वाचलेलं पान बहुधा दुसऱ्या देशाचं होतं. न्यूझीलंडमध्ये २८ नोव्हेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर सिगारेट आणि व्हेप दोन्ही बंद. गाडी चालू असो की उभी, काच वर असो की खाली. दंड ५० डॉलर. ऑस्ट्रेलियात राज्याराज्याचं वय वेगळं, न्यू साउथ वेल्समध्ये सोळाखालचं मूल, व्हिक्टोरियात अठराखालचं, पण दोन्हीकडे ई-सिगारेट कायद्यात धरलेली आहे. कॅलिफोर्नियात गाडीतल्या सिगारेटचा नियम २००८ पासून आहे आणि २०१६ पासून त्याच्या व्याख्येत व्हेपही आला. सिडनीच्या मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर "गुन्हा आहे" म्हणून पाठवलं तर ती तिच्या जागी बरोबर आहे, तुमचा दीर त्याच्या जागी. ब्रिटनमध्येसुद्धा सगळीकडे एक माप नाही. स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०१६ पासून कायदा आहे, दंड १०० पौंड, पण तो ओढणाऱ्या प्रौढाला, चालकाला नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये हे यायला १ फेब्रुवारी २०२२ उजाडला. वेल्सने व्हेपवर सार्वजनिक ठिकाणी बंधनं घालायचा प्रयत्न केला, ते विधेयक मार्च २०१६ मध्ये पडलं आणि पुढच्या वर्षी कायदा झाला तेव्हा ती कलमं वगळलेली होती. गाडीतल्या मुलांसाठी या चारही ठिकाणी नियम झाले ते धुरासाठी. वाफ त्यांत नव्हती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने तंबाखू आणि व्हेप यांचं मोठं विधेयक संसदेत आणलं. जिथे धूम्रपानबंदी आहे त्या जागा व्हेपमुक्तही ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांना देणारी तरतूद त्यात आहे, आणि मुलं असलेली गाडी ही अशीच एक जागा. बातम्यांचे मथळे "गाडीत व्हेपला बंदी" असेच आले आणि लोकांना वाटलं, झालीच. अधिकार मिळणं आणि त्या अधिकाराखाली नियम निघणं यात फरक आहे. आपल्याकडे कायदा होतो आणि नियमावली वर्षभराने येते, तसंच. म्हणून तुम्ही दिराशी बोलाल त्या दिवशी सकाळी सरकारी संकेतस्थळावर एकच गोष्ट बघा : खासगी गाड्यांसाठी व्हेपमुक्तीचे नियम निघालेत का, आणि कुठल्या तारखेपासून. निघाले असतील तर माझं वरचं "दीर बरोबर आहे" त्या तारखेपासून रद्द समजा. वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर मात्र भांडू नका, हराल.

आता दुसरा प्रश्न, दंड तुम्हाला होईल का. २०१५ च्या नियमांत जबाबदारी ओढणाऱ्याची आणि चालकाची आहे. गाडी कुणाच्या नावावर आहे याला त्या दंडापुरतं महत्त्व नाही. तुम्ही घरी पोळ्या लाटत असाल तर तुमच्या नावाने पावती फाटणार नाही. आणि खरं सांगायचं तर सिगारेटसाठीसुद्धा इथे फारच थोडे दंड झाले. पोलीस झुडपामागे उभे राहून कुणाच्या ओठांत काय आहे ते बघत नाहीत. हा कायदा लोकांना लाज वाटावी म्हणून आहे, आणि तेवढं काम त्याने केलंही. माझ्या ओळखीच्या चार जणांनी गाडीतली सिगारेट केवळ "आता गुन्हा आहे" म्हणून सोडली.

पण पहिलं पान इथे संपतं. दुसरं पान रहदारीच्या कायद्याचं आहे आणि ते दिराने बहुतेक वाचलेलं नाही.

रस्त्यावर गाडी चालवताना पुरेशी काळजी न घेणं हा १९८८ च्या रहदारी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात तुम्ही सफरचंद खात होता, नकाशा बघत होता की व्हेप ओढत होता हे गौण. लक्ष उडालं किंवा समोरचं दिसेना, एवढं पुरतं. चालकांच्या अधिकृत नियमपुस्तिकेत लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींच्या यादीत खाणंपिणं आणि धूम्रपान ही नावं आहेत. एक मोठा झुरका सोडला की क्षणभर काचेसमोर पांढरा पडदा येतो. तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारला तर? साधा प्रकार असेल तर १०० पौंड आणि परवान्यावर ३ पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण. प्रकरण न्यायालयात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही आणि पॉइंट ९ पर्यंत जाऊ शकतात.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती तुम्ही सहज लिहिली असेल : दीर गेल्या वर्षी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती. इथे पहिला परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की परवाना रद्द होतो. निलंबित नव्हे, रद्द. पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा लेखी, पुन्हा रस्त्यावरची परीक्षा. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवली असली तरी इथे तो नवा चालक. व्हेपच्या पडद्यामागून एकदा ३ पॉइंट, वेगाच्या कॅमेऱ्यात एकदा ३, आणि नोकरीला जायला बसची रांग. ५० पौंडाच्या दंडाला न घाबरणारा माणूस याला घाबरतो, हा माझा अनुभव आहे.

याला पुरावा लागत असेल तर एक प्रयोग करा. उद्या सकाळी गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक कोरडा पांढरा टिश्यू फिरवा. व्हेपचा द्रव मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो, वाफ काचेवर बसली की पातळ तेलकट थर धरते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण नोव्हेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य खाली येऊन समोरून डोळ्यांत घुसतो तेव्हा त्या थरामुळे सगळी काच दुधासारखी होते. मी एकदा अशाच गाडीत शेजारी बसले होते. चालवणारा माझा चुलतभाऊ, माणूस सावध, पण वळणावर सूर्य समोर आला आणि तो म्हणाला, "अगं, दिसेना काही." दोन सेकंद असतील. मी अजून विसरलेले नाही. टिश्यूवर तो चिकटपणा बोटांना लागेल. तो टिश्यू दिरासमोर ठेवा, माझं उत्तर नका ठेवू.

जरा मागे वळून बघू. गाडीत मूल असताना व्हेप : २०१५ च्या नियमांखाली गुन्हा नाही, नवे नियम तारखेनिशी तपासा. मालक म्हणून तुम्हाला दंड : नाही. बेपर्वा चालवल्याचा गुन्हा : होऊ शकतो, आणि नव्या परवान्यावर तो महागात पडतो. आता राहिलं ते तुमच्या हातातलं.

आधी एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. विभक्त झालेलं जोडपं, पाच वर्षांचा मुलगा, त्याला दम्याचा त्रास. दोघांच्या संमतीने आदेश झाला त्यात एक वाक्य होतं : वडील मुलगा गाडीत असताना धूम्रपान करणार नाहीत. मसुदा मीच केलेला. तीन महिन्यांनी माझी अशील फोनवरचा व्हिडिओ घेऊन आली. शाळेबाहेर उभी गाडी, मागच्या सीटवर मुलगा, काचेच्या आत पांढरं धुकं. तिचं म्हणणं, आदेश मोडला. समोरच्या वकिलाचं उत्तर एका ओळीचं : आदेशात धूम्रपान आहे, माझे अशील व्हेप ओढतात. आणि तो बरोबर होता. त्याच पेटवलेल्या शब्दावर माझा मसुदा मला नडला.

आम्ही न्यायाधीशापुढे गेलोच नाही. न्यायालयाच्या पॅसेजमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी उभं राहून बोलणं झालं आणि तिथे मला दुसरी गोष्ट कळली. वडिलांनी सिगारेट सोडली होती ती मुलासाठीच. बावीस वर्षांची सवय, व्हेपच्या आधाराने सोडलेली. आणि बायको व्हिडिओ काढून त्यांना नापास करत होती. माणूस रडवेला झाला होता. मी त्याला म्हटलं, सिगारेट सोडलीत ही मोठी गोष्ट आहे, ती आधी मान्य करू. मग लेटरपॅडच्या कागदावर पेनाने वाक्य बदललं : मूल गाडीत असेपर्यंत आणि ते बसायच्या आधी अर्धा तास, गाडीत धूम्रपान किंवा व्हेपिंग नाही. अर्धा तास ही वडिलांची स्वतःची सूचना होती. पुढे त्या मुद्द्यावर कधी तक्रार आली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात "किंवा व्हेपिंग" असतं.

ताई, तुमचं प्रकरण न्यायालयाचं नाही, आणि होऊही देऊ नका. मुलांच्या कायद्याखाली एखादी गोष्ट करण्यास मनाई करणारा आदेश मागता येतो हे खरं, पण तो मुख्यतः आईवडिलांच्या आपसातल्या वादासाठी. एका घरात राहणाऱ्या दिराविरुद्ध व्हेपवरून अर्ज करायला कुणी निघालं तर मी फी न घेता घरी पाठवीन. विभक्त कुटुंबातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी मात्र वरचं वाक्य उपयोगाचं आहे : करारात "धूम्रपान" एवढंच लिहून थांबू नका.

तुमच्याकडे आदेशापेक्षा सोपी वस्तू आहे, गाडीची किल्ली. गाडी तुमची, विमा तुमच्या नावावर, दीर त्यात जादा चालक. त्याच्या हातून अपघात झाला तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर चढेल आणि पुढच्या वर्षीचा हप्ता तुम्ही भराल. मालकाने गाडी देताना अट घालणं यात अपमान काही नाही. भाड्याच्या गाडीत कंपनी "गाडीत ओढलंत तर साफसफाईचा खर्च घेऊ" असं लिहून घेते तेव्हा कुणी रुसतं का? टॅक्सीत धूम्रपान कायद्यानेच बंद आहे, आणि अनेक नगरपालिका परवान्याच्या अटींतून व्हेपही बंद करतात. तुमच्या गाडीची अट तुम्ही ठरवायची. "भाऊजी, ही गाडी मी मुलांची करून टाकलीय, यात कुणीच ओढायचं नाही, पाहुणे आले तरी" असं म्हटलंत तर बोट एकट्या त्याच्याकडे राहत नाही.

बोलायची वेळ शनिवारी सकाळी किल्ली देताना नको. तेव्हा मुलं बूट घालत असतात, तो उशिराच्या घाईत असतो. आदल्या दिवशी, नवऱ्यासमोर आणि नवऱ्याच्या तोंडून. भावाने भावाला सांगणं वेगळं, वहिनीने सांगणं वेगळं, हे मी तुम्हाला काय सांगायचं. आणि "तू कायदा मोडतोस" हे वाक्य अजिबात नको, कारण मोडत नाहीये. तो ते लगेच सिद्ध करेल आणि विषय तिथे संपेल. तो आधी सिगारेट ओढत होता का, हे विचारा. ओढत असेल तर व्हेप ही त्याची सुटकेची वाट असू शकते आणि चाळीस मिनिटं निकोटीनशिवाय काढणं त्याला खरंच जड जात असेल. निघण्याआधी अंगणात ओढून घे, गाडीत निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम ठेव, एवढं पुरतं. कधीच सिगारेट न ओढता इथे येऊन मित्रांच्या नादाने व्हेप लागला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी थोडी कडक बोलेन.

एक गोष्ट मात्र आजच करा. गाडीतला कप ठेवायचा खण, दाराचा कप्पा, सीटखालची जागा तपासा, द्रवाची बाटली आहे का. इथे विकायला परवानगी असलेली निकोटीनच्या द्रवाची मोठ्यात मोठी बाटली १० मिलिलिटरची आणि निकोटीन जास्तीत जास्त प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम. म्हणजे अंगठ्याएवढ्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन, वर स्ट्रॉबेरीचं चित्र. झाकण मुलांना उघडता येऊ नये असंच बनवलेलं असतं, पण चालवता चालवता भरून अर्धवट लावलेलं झाकण सहा वर्षांच्या मुलीला सहज उघडतं. वाफेपेक्षा मला या बाटलीची भीती जास्त वाटते. पोटात गेलं किंवा डोळ्यांत उडालं तर वाट न बघता ९९९ या इथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

राहिलं पुणे. तिथे चित्र अगदी उलटं आहे आणि दिराला हे माहीत नसेल तर त्याची मोठी पंचाईत होईल. भारतात गाडीत मुलं असताना व्हेपला बंदी असा वेगळा कायदा नाही, कारण तिथे व्हेपच बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत किंवा ५०,००० रुपयांपर्यंत किंवा दोन्ही. "मी विकत नाही, माझ्यापुरता आहे" हा बचाव लोक फार विश्वासाने करतात. पण बॅगेतून देशात आणणं ही आयातच, आणि स्वतःजवळ बाळगणं हेही उल्लंघन आहे अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका आहे. एफसी रोडच्या कोपऱ्यावर लपूनछपून मिळतो, हा युक्तिवाद मुंबईच्या विमानतळावर चालत नाही. गोव्याला जायचा बेत असेल तर तिथेही हाच कायदा, बीचवरच्या शॅकमध्ये कुणी ओढताना दिसलं म्हणून तो बदलत नाही.

गमतीचा भाग असा की पुण्यात मामाने स्वतःच्या गाडीत मुलांसमोर सिगारेट पेटवली तर त्याला अडवणारा, इंग्लंडसारखा नियम नाही. २००३ चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागांपुरता, २०० रुपयांपर्यंतचा दंड. म्हणजे इंग्लंडात धूर बंद नि वाफ मोकळी, पुण्यात वाफ बंद नि मामाच्या गाडीतला धूर मोकळा. दोन्हीकडे मागच्या सीटवर तुमचीच मुलगी.

विमानाचं एक लक्षात ठेवा. बॅटरीमुळे व्हेप चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाही, हातातल्या बॅगेतच लागतो. त्यामुळे हीथ्रोला कुणी अडवत नाही, उलट नियम पाळल्यासारखं वाटतं, आणि तोच माणूस मुंबईला ग्रीन चॅनेलमधून बंदी असलेली वस्तू खांद्यावर टाकून चालत जातो. उपकरण, सुट्या पॉड, द्रवाच्या बाटल्या हे सगळं इथल्या घरीच, उंच कपाटात ठेवून जायचं. निकोटीनचे पॅच इथून न्या. दोन मिलिग्रॅमचं च्युइंगम पुण्यात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. तीन आठवडे व्हेपशिवाय काढायचे म्हणजे तयारीला महिना हवा, तेव्हा हे त्याला बॅगा भरताना नाही, या आठवड्यातच सांगा. गाडीचं बोलणं काढायलाही त्याहून बरं निमित्त मिळणार नाही.